पिशवी काढण्याआधी रिपोर्ट मागा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या लसीविषयी हल्ली बरंच छापून येतं, ते चांगलंच आहे. पण तपासणीत ‘पांढरा डाग दिसला’ असं कळलेल्या बाईने पुढे काय करायचं?

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या जावेला, वय ३६, एका खासगी दवाखान्यात पाच मिनिटांत सांगून मोकळे झाले, “पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.” सासूबाईंनी खर्चासाठी हातातल्या पाटल्या उतरवल्या. मी हट्टाने तिला दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी कॉल्पोस्कोपी करून, म्हणजे गर्भाशयमुख भिंगातून पाहून, तुकडा तपासायला पाठवला (यालाच बायोप्सी म्हणतात). रिपोर्ट सीआयएन २ चा आला. हा कॅन्सर नव्हे, त्याच्या आधीचे पेशींतले मध्यम बदल. कॅन्सर व्हायला बहुधा वर्षानुवर्षं लागतात. तेवढ्या जागेपुरती भूल देऊन, विजेच्या तारेच्या बारीक फासाने तेवढाच भाग काढला. याला लीप म्हणतात. संध्याकाळी ती घरी होती. काही आठवडे जड उचलायचं नाही, संबंध ठेवायचे नाहीत, एवढंच पथ्य. पिशवी जागच्या जागी, पाटल्या सासूबाईंच्या हातात.

सीआयएन १, म्हणजे सौम्य बदल, बहुतेकदा आपोआप जातो, नजर ठेवली की पुरे. डाग पूर्ण दिसत असेल, गर्भाशयमुखाच्या नळीत आत शिरलेला नसेल आणि कॅन्सरची शंका नसेल, तर गोठवून किंवा सुमारे १०० अंशाला तापवलेल्या प्रोबने मिनिटभरात जाळूनही भागतं. नळीत आत शिरला असेल तर लीप किंवा कोन बायोप्सी, म्हणजे शंकूच्या आकाराचा तुकडा काढणं.

हे परदेशातलं ज्ञान नाही. आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले: ज्या गटात एकदा एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी झाली आणि दोष आढळलेल्यांवर उपचार झाले, तिथे या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आणि शेजारच्या बीडमध्ये २०१९ च्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या! अंगावरून पांढरं जातंय म्हणून आलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालणं किती सोपं आहे, ते मी घरातच पाहिलं.

जाळण्याचं ते छोटं यंत्र ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोचवा, आणि बायोप्सीचा रिपोर्ट बाईच्या हाती दिल्याशिवाय कॅन्सरच्या नावाने पिशवी काढू देऊ नका, ही आरोग्य खात्याला कळकळीची विनंती.

जावेची वर्षानंतरची एचपीव्ही तपासणी पुढच्या महिन्यात आहे. मी सोबत जाणार आहे.

आपली,
एक वाचक, जि. सोलापूर