जुन्या डेबियन-उबुंटू मशीनवर एपीटी तपासा, आजच

मंडळी, ज्यांच्याकडे डेबियन ९ किंवा त्या काळातले उबुंटू (दोन्ही लिनक्स सिस्टीम) सर्व्हर, नाहीतर त्यांवर बांधलेल्या जुन्या कंटेनर इमेज (अ‍ॅप चालवायचे तयार साचे) अजून चालू आहेत त्यांनी एपीटीचं, म्हणजे सॉफ्टवेअर पॅकेज उतरवून इन्स्टॉल करणाऱ्या टूलचं, व्हर्जन बघून घ्या, डेबियन ९ वर १.४.९ च्या खाली असेल तर धोका आहे. जानेवारी २०१९ मध्ये एपीटीमधला हा सुरक्षेचा होल जाहीर झाला. एचटीटीपी रीडायरेक्ट (फाइल दुसऱ्या पत्त्यावर आहे असा सर्व्हरचा निरोप) आला की एपीटी त्यातला पत्ता नीट न तपासताच पुढे द्यायचं, त्यामुळे मशीन आणि सर्व्हरच्या मधे बसलेला माणूस त्यात नवी ओळ घुसवून पॅकेजचा खोटा हॅश (फाइल अस्सल आहे का ते तपासायचा ठसा) खरा म्हणून खपवू शकतो, आणि इन्स्टॉल रूटनेच (सगळे अधिकार असलेल्या यूजरने) होतं म्हणजे अख्खं मशीन त्याच्या हातात. डिजिटल सही तपासली जाते म्हणून निर्धास्त राहू नका, इथे तीच चुकवली जाते.

गंमत अशी की फिक्ससुद्धा एपीटीनेच उतरवायचाय, म्हणून अपडेट आणि अपग्रेड दोन्ही वेळी रीडायरेक्टचा ऑप्शन फॉल्स करूनच कमांड चालवा. काही मिरर (पॅकेजच्या प्रती ठेवणारे सर्व्हर) मग चालत नाहीत, तेव्हा सोर्सेस लिस्टमध्ये (एपीटी कुठून उतरवतं त्या यादीत) थेट फाइल देणारा मिरर टाका. जुन्या इमेज मात्र सरळ नव्या बेसवर परत बिल्ड करा. कुठे अडलं तर एरर इथेच टाका, बघू.