हकालपट्टीने रोजगार मिळतो का?

संपादक महोदय,

बेकायदा स्थलांतरितांना हाकलले की स्थानिकांना काम मिळेल, या अमेरिकेतील दाव्याला जुना इतिहास आहे. १९६४ च्या अखेरीस मेक्सिकन शेतमजूर (तेही कायदेशीर) आणणारी ‘ब्रासेरो’ योजना बंद झाली, तेव्हा कॅलिफोर्नियातील टोमॅटो उत्पादक स्थानिक मजुरांकडे न वळता काढणीयंत्रांकडे वळले. आमच्या शिरोळ तालुक्यातही बीडची ऊसतोड मजुरांची टोळी वेळेवर आली नाही, तर गावातला पोरगा कोयता घेऊन फडात उतरत नाही. तोडणी रखडून उसाला तुरा (फुलोरा) येतो, नाहीतर शेतात हार्वेस्टर येतो. बेकायदा मजूर जाणूनबुजून कामावर ठेवणाऱ्या मालकाला १९८६ च्या अमेरिकी कायद्याने दोषी ठरवले आहे. बेड्या मात्र बहुधा मजुराच्याच हाती दिसतात.

– एक ऊस उत्पादक, जि. कोल्हापूर