पाजण्याची वेळ बाळ ठरवतं

महोदय,

तान्हं बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पितं. त्यामुळे सार्वजनिक ठिकाणी बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला दिला जाणारा 'घरी जाऊन पाज' हा सल्ला निरर्थक आहे. पाजणं लांबलं की छाती दगडासारखी होते, गाठी येतात, कधी तापही भरतो. बाळ मुठी चोखू लागलं, मान वळवून तोंड उघडू लागलं की लगेच घ्यावं. रडून लाल झालेल्या बाळाची जीभ टाळूकडे जाते, मग स्तनावर पकड नीट बसत नाही. अशा ठिकाणी पाजायला पाठ टेकायला जागा असलेला साधा बाकही पुरतो. वेगळा कक्ष असेल तर आतून कडी आणि हात धुण्याची सोय हवी, पण तिथेच बसण्याची सक्ती नको. (स्वच्छतागृहाकडे बोट दाखवणं तर थट्टाच!) ओढणीचं आईने ठरवावं; जाड कापडाखाली बाळ घामेजतं आणि आईला त्याचं तोंड दिसत नाही.

– स्तनपान मार्गदर्शक