रविवारी ट्रिगर तपासणी: एअर पिस्तूल आणि रायफलवाल्यांसाठी

मंडळी, रविवारी सकाळी ७ ला सांगलीच्या आपल्या रेंजवर या. पिस्तूलवाल्यांनो, घरी स्क्रू पिळून ट्रिगर हलका केला असेल तर आधीच जाग्यावर आणा. नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन टांगून उचलणार. सुटला की नापास. रायफलला ही अट नाही, पण म्हणून बोट लागताच सुटेल असा ठेवायची हौस नको, बाजूच्या लेनवर पोरं असतात. बंदुकीच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघा. १० वर्षं उलटलेला स्पर्धेत चालत नाही, कितीही चकचकीत असो. नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी) घालूनच पेटी उघडायची. वजन मी आणतो, ॲलन की (स्क्रू पिळायची षटकोनी चावी) आपापली आणा, मागच्यांनी नेलेली अजून परत आलेली नाही.

– सचिव