टरबूज आणि नांगराचा दोर

अमळनेर
पोळ्याआधीचा रविवार

प्रिय बापू,

तुझं पत्र येऊन आठ महिने झाले आणि मी उत्तर दिलं नाही. कारण काही नाही, आळस. आधी शिव्या घालून घे, मी थांबतो.

झाल्या? बरं. तब्येत ठीक. शुगर होती तिथेच आहे, हिचे गुडघे पावसाळ्यात कुरकुरतात. संपली खुशाली.

आपल्या कप्तानाने, तांडेलने, शिडाची बोट विकली हे तुला कळलं असेलच. घेणाऱ्याला जुने दोर नको होते, म्हणून ते पोत्यात भरून त्याने ट्रान्सपोर्टने माझ्याकडे पाठवले. सोबत चिठ्ठी, नेहमीसारखी हुकूम सोडल्यागत: ‘गोठ्याला कामी येतील. पण आधी धू. मीठ आहे, बैल चाटत बसतील. नीट धू आणि नीट बघ.’ खाली सही नाही.

पोतं सोडलं आणि अंगणात भाऊचा धक्का अवतरला. दोर काळे पडलेले, कुठे हिरवं शेवाळ, आणि वाळल्या बोंबलासारखे ताठ. दोन दिवस हौदात भिजत टाकले. आमच्या बोअरच्या पाण्याला फेस येत नाही, म्हणून नळाचं पाणी भरून ठेवून वापरलं. पहिलं पाणी टपरीवरच्या चहासारखं निघालं. तीनदा बदललं तेव्हा कुठे हात फिरवल्यावर मिठाचं खरखरणं थांबलं. ते मीठ आतल्या तंतूंना वाळूसारखं कापत राहतं, हे तांडेल शंभरदा सांगायचा आणि आपण मान डोलवून डबा उघडायचो.

मग मशीन. पहिल्या खेपेला सगळे दोर तसेच आत कोंबले. बाहेर काय आलं म्हणशील? दोन तास मी आणि सालदार ओट्यावर बसून गुंता सोडवत होतो. मग आठवलं, तांडेल दोराची आधी साखळी विणायचा, हातानेच, सुई नसलेलं क्रोशाचं विणकाम. तशी विणली आणि उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधलं. अभ्रे हिच्या माहेरचे होते. त्यावर पुढे काय झालं ते लिहीत नाही.

थंड पाणी, चमचाभर साबण, ब्लीच अजिबात नाही. शेजाऱ्याने ट्रॅक्टर धुवायची प्रेशरची बंदूक देऊ केली, तीही नको म्हटली. तिने मळ निघण्याऐवजी आत घुसतो आणि धागे फुटतात. वाळवायला पडवीत, सावलीत. उन्हाने नायलॉन कुजतं, आणि आपलं ऊन श्रावणातही ऊनच. आढ्याला वेटोळी टांगलेली पाहून सालदार म्हणाला, “आबा, पोया बैलेस्ना शे का दोरेस्ना?”

शिडाचे दोर बरे निघाले. पॉलिएस्टरचे, वरून लव आलेली पण आतून शाबूत. (त्यांना ‘शीट’ म्हणतात हे तुझ्या डोक्यात शिरायला दोन सीझन लागले होते. ‘शीट ओढ’ म्हटलं की तू शीडच धरायचास.) शेवटी निघाला तो जाड, तीन पेडांचा, नायलॉनचा. ओळखलास ना?

आमचे वडील मोटेचा नाडा जसा पेडापेडाने चाचपत जायचे, तसा मी तो चाचपत गेलो. मळ होता तोवर काही दिसलं नव्हतं. धुतल्यावर मधेच बोटाला उंचवटा लागला. मेण लावलेल्या दोऱ्याचे वेढे, एकाला एक घट्ट चिकटून. मोजले, 22. तांडेलचाच हात. तो एक वेढा दुसऱ्यावर कधी चढू द्यायचा नाही. नखाने बाजूला सारून पाहिलं. खाली एक पेड कापलेला. सरळ, स्वच्छ, सुरीने.

बापू, त्याला माहीत होतं.

मे 1997. खांदेरीहून परत येताना मांडव्यासमोर नांगर टाकलेला. (‘खांदेरीला निघाला खानदेशी’ हा तुझा विनोद तेव्हाही वाईट होता.) टरबूज गडगडू नये म्हणून ते दोराच्या वेटोळ्यावर ठेवलं, आणि सुरी खालपर्यंत गेली. मग भरती चढली तसा तांडेल आतून ओरडला, “अजून दोर सोड.” मी सोडला. कापलेली जागा माझ्या बोटांमधून पाण्यात गेली ते मला आत्ताही जाणवतंय. रात्रभर आपण दोघं किनाऱ्याचे दिवे बघत पडलो होतो, बोट सरकतेय का म्हणून. तो घोरत होता. सकाळी म्हणाला, “आज नांगर मी ओढतो.” आपल्याला वाटलं, काय प्रेमळ माणूस!

आणि त्या दिवाळीत त्याने नांगराला नवा दोर घेतला, वर्गणी काढली. तेव्हा “जुन्याला काय धाड भरलीय?” असं कोण म्हणालं होतं? आठव. तीनशे रुपये तू आजतागायत दिलेले नाहीस. तो नुसता “बरं” म्हणाला, आणि तेव्हापासून हा दोर फक्त धक्क्याला बोट बांधायला वापरायचा. गुंडाळलेल्या दोऱ्याने कापलेल्या पेडाची ताकद परत येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? 27 वर्षं एक शब्द बोलला नाही.

आता मला झोप नाही. ‘नीट बघ’ म्हणजे शेवाळ बघ, की हे बघ? सहज लिहिलं असेल आणि मी फोन करून सगळं ओकलो, तर म्हातारपणी चोर ठरायचो. मुद्दाम लिहिलं असेल आणि मी गप्प राहिलो, तर दुसऱ्यांदा ठरायचो. आणि खरं सांगू? सगळ्यात जास्त हे लागलंय, की पोतं त्याने माझ्याकडेच का पाठवलं? तुझ्या बडोद्यात काय ट्रान्सपोर्ट जात नाही? म्हणजे इतकी वर्षं तो मलाच धरून बसलाय! ही म्हणते, “तुमच्याकडे गोठा आहे, त्यांच्याकडे बाल्कनी.” बायकांना सगळं इतकं सोपं वाटतं.

तुझ्या मुलीचं लग्न ठरलं हे वाचलं होतं, अभिनंदन, तारीख कळव. मोतीबिंदूचं काय झालं? भरताची वांगी सुरू झाली की पाठवतो.

बाकीचे दोर पोळ्याला कामी येतील. हा गोठ्यात नेला नाही, खुंटीला टांगलाय. येत्या रविवारी तांडेलला फोन करणार आहे, दोर पोचले एवढं तरी सांगावंच लागेल. त्याआधी तुझं पत्र यायला हवं. फोन करू नकोस, तू फोनवर हसतोस. एवढंच लिही: सुरी कुणाच्या हातात होती. मी टरबूज धरलं होतं, हे मला पक्कं आठवतंय.

तुझा,
आबा