तळ्याकाठची वाट सुलभ हवी, सिमेंटची नव्हे

महोदय,

वनोद्यानातील तळ्याकाठची पायवाट सर्वांसाठी सुलभ करायची म्हटले की, पाण्याला लागून काँक्रीटचा पट्टा, कठडा आणि दिव्यांची रांग असाच आराखडा बहुधा पुढे येतो. वाट सुलभ असावी, याविषयी माझे दुमत नाही. वृद्धांना, लहान मुलांना आणि व्हीलचेअर वापरणाऱ्यांना जंगलात शिरण्याची दुसरी सोय क्वचितच असते. परंतु सुलभता ठरते ती चढ, रुंदी आणि निचरा यांवरून. चढ १:२० पेक्षा तीव्र नसेल, म्हणजे २० मीटर चालताना १ मीटरहून अधिक चढावे लागत नसेल, व्हीलचेअर वळवता येईल अशी दीड मीटर रुंदी असेल आणि बारीक खडी दगडाच्या भुकटीसह पाणी मारून घट्ट दाबलेली असेल, तर सिमेंटवाचूनही वाट सर्वांना चालण्याजोगी होते. पावसाचे पाणी वाटेवरून लांबवर वाहू न देता जागोजागी उताराकडे काढून द्यावे लागते आणि डागडुजी नियमित करावी लागते. हा खर्च मान्य करायलाच हवा.

वाट काठापासून थोडी मागे, झाडांमधून न्यावी, हा माझा मुख्य आग्रह आहे. काठावरची लव्हाळी आणि गवत उतारावरून येणारा गाळ अडवतात, माती धरून ठेवतात आणि पाणपक्ष्यांना घरट्यांसाठी आडोसा देतात. तिथेच काँक्रीट ओतले की गाळ थेट तळ्यात उतरतो. पाणी पाहण्यासाठी एक-दोन ठिकाणी लाकडी सज्जे पुरेसे आहेत. झाडांमधून जातानाही खोदकाम टाळावे, कारण बहुतेक झाडांची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या थरातच असतात आणि ती तुटल्याचे परिणाम कधी कधी काही वर्षांनी दिसतात. डांबर तर नकोच. त्याच्या काळ्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश पाण्यावरून येणाऱ्या प्रकाशासारखाच ध्रुवित, म्हणजे मुख्यतः एकाच दिशेत कंप पावणारा, असल्याने पाण्यात अंडी घालणारे काही कीटक फसून डांबरावरच अंडी घालतात. रात्रीचे दिवेही कीटकांना पाण्यापासून दूर ओढतात आणि त्यांवर जगणाऱ्या वटवाघळांची घडी विस्कटते. सूर्यास्तानंतर वाट बंद ठेवली, तर दिव्यांची गरजच उरत नाही.

म्हणून अशा कोणत्याही कामाला मंजुरी देण्यापूर्वी संबंधितांनी वाटेची आखणी जागेवर खुंट्या मारून दाखवावी आणि त्या वेळी वनस्पतींचे व पक्ष्यांचे जाणकार, तसेच व्हीलचेअर वापरणारी किमान एक व्यक्ती सोबत असावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक