न नांगरणाऱ्याकडेही बघा

महोदय,

खरीप तोंडावर आला की यांत्रिकीकरणाच्या बातम्या सुरू होतात. रोटाव्हेटरला अनुदान किती, पॉवर टिलरसाठी अर्ज कुठे करायचा. ज्याने नांगरणीच सोडली, त्याच्याबद्दल एक ओळ नसते, म्हणून हे पत्र.

कर्जत तालुक्यात माझी दोन एकर भातखाचरं आहेत. आमची पिढीजात रीत म्हणजे उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या तोडून शेण-पाचोळ्यासह राब (रोपं वाढवायची जागा) भाजायचा, मग पेरणी, चिखलणी (पाणी भरून नांगरून चिखल करणं), आवणी (रोपांची लावणी). माझ्या शेतात नुसत्या चिखलणीला एकरी दहा लिटर डिझेल जायचं. लिटरमागे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर रोप लावण्याआधीच एकरी २७ किलो हवेत. शिवाय तुंबलेल्या पाण्याखाली हवा पोचत नाही, तिथले जिवाणू मिथेन तयार करतात, आणि तो कितीतरी पटींनी जास्त तापवतो.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) ही भाताची पद्धत मी चार वर्षांपूर्वी अर्ध्या एकरात करून पाहिली. आता सगळ्या शेतात तीच आहे. गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्याने भोकं पाडून भात टोकायचं. राब, चिखलणी, आवणी काही नाही. कापणीनंतर धसकटं उपटायची नाहीत, त्याच वाफ्यावर वाल. गेल्या कार्तिकात एक धसकट हलवून पाहिलं, तर कुजलेल्या मुळाच्या पोकळीतून गांडूळ बाहेर आलं आणि माती बोटांत रव्यासारखी सुटली. हीच माती पूर्वी दिवाळीनंतर भेगाळून दगड व्हायची.

सगळं सोपं नाही. तणाचा त्रास मोठा आहे. पहिल्या वर्षी पाऊस लागून राहिला, तणनाशकाची वेळ हुकली आणि पंधरा दिवस घरातली सगळी माणसं खुरपणीत अडकली. तणनाशकावरची ही भिस्त मला पटत नाही, पण आज दुसरा मार्ग हाती नाही. खताचंही तसंच. ४५ किलोची युरियाची गोणी २६६.५० रुपयांना मिळते, म्हणून हात सैल सुटतो. कधी ओल्या, कधी सुकणाऱ्या जमिनीत त्यातून नायट्रस ऑक्साइड हा हवा तापवणारा दुसरा वायू निघतो, म्हणजे मिथेन वाचवायचा आणि हा वाढवायचा. मी ब्रिकेट (खताच्या दाबून केलेल्या गोळ्या) रोपाजवळ खोचतो, फेकत नाही.

कृषी विभागाला विनंती आहे की गावागावांत साचे ठेवा, आणि जून-जुलैत तणाचा सल्ला द्यायला माणूस बांधावर पाठवा. पहिल्या वर्षी उत्पन्न घटलं तर अर्ध्या एकरापुरती तरी भरपाई द्या. दोन एकरवाला स्वतःच्या पोटावर प्रयोग करू शकत नाही. माझ्या शेजारच्या तिघांना हे करायचं आहे, ते एवढ्यासाठीच थांबलेत.

— एक भातउत्पादक शेतकरी, ता. कर्जत, जि. रायगड